एका रविवारचं आवतन

लग्न होऊन जळगावला आले तेव्हा मला धड फोडणी देता येत नव्हती, आणि पुढच्या तीस वर्षांत ती शिकायची वेळही आली नाही. आमच्या घरात रांधायचे ते हे. संध्याकाळी शाळेतून आले की वह्यांचा गठ्ठा टेबलावर टाकायचा आणि विचारायचं, "आज जेवायला काय?" बायकोनं नवऱ्याला विचारायचा हा प्रश्न ऐकून शेजारणी पदराआड हसायच्या. धुळ्याकडच्या माझ्या माहेरी तर आईला इतकी लाज वाटायची, की पाहुण्यांसमोर ती विषयच बदलायची. मला मात्र कधी लाज वाटली नाही. ज्यांच्या घरी रोज गरम भाकरी आयती ताटात पडते, त्यांनी लाजायचं कशाला?

हे मूळचे बोदवडकडचे. एमआयडीसीतल्या एका पाइपच्या कारखान्यात कँटीन सांभाळायचे. पहाटे जायचे, चारला परत यायचे, आणि तिथं तीनशे माणसांचं करून आलेला माणूस घरी दोघांपुरतं करताना पुन्हा तितकाच रमून जायचा. कँटीनच्या दाराशी एक फळा होता. त्यावर ते रोज सकाळी त्या दिवशीचं जेवण लिहायचे. दुपारी एकला भोंगा व्हायचा आणि पाच मिनिटांत रांग लागायची. इतक्या वर्षांत त्यांना एकदाही कुणाला 'या, बसा जेवायला' म्हणावं लागलं नव्हतं. ही गोष्ट मी तेव्हा कौतुकानं सांगत असे. त्यातच पुढचं सगळं दुखणं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मग कारखान्यानं कँटीन ठेकेदाराला दिलं. बाहेरून डबे येऊ लागले, आणि ह्यांना चार वर्षं आधीच घरी बसवलं. निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल दिली. ह्यांनी ती घडी करून तिथल्याच खुर्चीवर ठेवली आणि मोठा डाव आणि तो फळा मागून घेतला. रिक्षातून फळा घेऊन घरी आले तेव्हा मला वाटलं, माझ्या शाळेसाठी आणला. म्हणाले, "नाई. आपलं चालू करू."

घराच्या पुढच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडली. सहा टेबलं मावली. मी विरोध केला नाही असं म्हणणार नाही, भरपूर केला, पण फंडाचे पैसे त्यांचे होते आणि हातही त्यांचेच होते. मागच्या अंगणात चुली घातल्या. गॅस होता, तरी भरीत मात्र कपाशीच्या काड्यांवरच भाजायचं. हिरवी वांगी ते स्वतः बाजारात जाऊन एकेक हातात घेऊन निवडायचे, भाजून सोलायचे आणि लाकडाच्या बडगीत ठेचायचे. त्यात हिरवी मिरची, लसणाची पात, भाजलेले दाणे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी अशी पातळ थापायचे की पापुद्रा बोटानं उचलावा. शेवभाजीचा रस्सा काळ्या मसाल्याचा, पण जेवून उठल्यावर पोटात जाळ नाही. मी नवऱ्याचं कौतुक करते असं वाटेल. वाटू दे. मी जळगावात आणि धुळ्यात खूप ठिकाणी खाल्लंय, आणि लग्नात फुकट मिळालेलं असलं तरी वाईटाला वाईट म्हणणारी बाई म्हणून मी नातेवाइकांत बदनाम आहे. त्यांच्या हातचं खरंच चांगलं होतं.

हॉटेलला नाव काय द्यायचं यावरून आमचं पहिलं भांडण झालं.

"कँटीनले कुठी नाव होतं?" हे म्हणाले.

"तिथं कारखान्याला नाव होतं ना."

"लोक नाव जेवत नाईत."

म्हणून नाव ठेवलंच नाही. दाराशी फळा टांगला. त्यावर सकाळी नऊला खडूनं लिहायचे, 'आज जेवण: भरीत, कळण्याची भाकरी, डाळ, ठेचा', आणि खाली ताटाचा दर. खडू माझ्या शाळेतले, हे आता कबूल करायला हरकत नाही. सुरुवातीला कॉलनीतून जाणाऱ्या लोकांना वाटायचं, मी शिकवण्या सुरू केल्या. एक बाई तर मुलाचा गणिताचा क्लास कधी असतो हे विचारायला आत आली. ह्यांनी तिला पाणी दिलं आणि शेवभाजीची वाटी पुढं केली. ती संकोचली, 'नको नको' करत निघून गेली.

पहिल्या दिवशी कँटीनची जुनी माणसं आली. बारा-पंधरा जण. जेवली, बोटं चाटली, दोघा-तिघांच्या डोळ्यांत पाणीही आलं. पण ती सगळी एरंडोल, धरणगाव अशी कुठून कुठून कामाला येणारी. कामाच्या दिवशी त्यांना ठेकेदाराचा डबा होता आणि सुट्टीच्या दिवशी ती घरी असायची. पुन्हा येऊ म्हणाली ती मनापासूनच म्हणाली असणार.

त्यानंतरचे दिवस मला फार आठवावेसे वाटत नाहीत, पण तेच जास्त आठवतात. ह्यांचा हात चाळीस माणसांच्या खाली येत नव्हता. "कमी कर," मी सांगायचे. "आणि आले मंग?" एवढंच उत्तर. बारा वाजेपर्यंत सगळं तयार. टेबलं पुसलेली, तांबे भरलेले, कांदा-लिंबू चिरून झाकलेलं. मग हे अंगणाकडच्या दाराशी स्टुलावर बसायचे. वारं तिकडून असलं की एमआयडीसीतला एकचा भोंगा आमच्याकडे ऐकू येतो. भोंगा झाला की हे उठायचे. खांद्यावरचा पंचा सारखा करायचे, डाव हातात घ्यायचे आणि भांड्यांच्या मागं जाऊन उभे राहायचे. समोर सहा रिकामी टेबलं. पंधरा-वीस मिनिटं तसेच उभे राहायचे. ज्या दिवशी मला सुट्टी असे त्या दिवशी मी हे पाहायचे, आणि मग मी सुट्टीच्या दिवशीसुद्धा काहीतरी काम काढून एकच्या सुमाराला घराबाहेर पडू लागले. माझ्यात ते पाहायचं बळ नव्हतं.

अगदीच कुणी येत नव्हतं असं नाही. कॉलनीच्या टोकाला एक बँकेतला क्लार्क एकटा भाड्यानं राहायचा, तो आठवड्यातून तीनदा यायचा. शांत माणूस. भाकरीचा शेवटचा तुकडा वाटीत फिरवून खायचा आणि जाताना ह्यांना म्हणायचा, "उद्या काय आहे?" त्या तीन शब्दांवर ह्यांचा दुसरा दिवस निघायचा. औषध कंपन्यांची फिरती पोरं कधी दोन, कधी तीन. बाकी उरलेलं आम्ही खायचो आणि गोरक्षणाच्या गाडीला द्यायचो. गाडीवाला एकदा म्हणाला, तुमच्याकडच्या भाकरी गाई हुंगून हुंगून खातात. ह्यांना त्याचंही बरं वाटलं.

कॉलनीतले लोक मात्र एकही येईना. वाईट माणसं नव्हती ती. काड्यांवर वांगी भाजायला लागली की बायका ओट्यावर येऊन म्हणायच्या, "काय वास सुटलाय हो." पुरुष स्कूटर हळू करून फळा वाचायचे. वाचून जायचे.

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याला असतो, तो दिवाळीला आला होता. म्हणाला, मावशी, मी मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ करतो, भरीत ठेचतानाचा, दोन दिवसांत रांग लागेल. मी हरखून गेले. ह्यांनी बडगी बाजूला सरकवली.

"काऊन रे, मी काय साड्या इकतो का? जेवाच्या गोष्टीची कोणी दवंडी देते का?"

"काका, आजकाल सगळेच करतात."

"करू दे. अन्न चांगलं असलं तं मानूस येते. भुकेल्या मानसाले बोलवा लागत नाई."

हॅंडबिलांना नाही, पेपरातल्या जाहिरातीला नाही, घरपोच पोचवणाऱ्या मोबाइलच्या धंद्याला तर नाहीच, कारण भरीत डब्यात घामेजतं. त्या दिवशी मी इतकी चिडले की माझ्या तोंडून माहेरची बोली बाहेर पडली. "मंग बस आठेच वाट देखत," मी म्हटलं. ह्यांनी बडगी पुन्हा पुढ्यात ओढली. बसूनच होते ते, वाट पाहतच होते. मी नवीन काय सांगितलं होतं?

मी वर्गात पोरांना सांगते, उत्तर चुकलं की आधी प्रश्न नीट वाचा. मी तसं करायला बसले. अन्न चांगलं. जागा स्वच्छ. दर वाजवी. माणसं भली. मग अडतं कुठं? आणि एका दुपारी ओट्यावर भाजी निवडता निवडता मला ते दिसलं. आमची कॉलनी म्हणजे निम्मी रावेर-यावल-बोदवडकडची आणि निम्मी धुळ्याकडची. सगळे गावाकडून येऊन इथं घरं बांधलेले. आम्हा लोकांना न बोलावता कुणाच्या घरी जाऊन ताटावर बसायची सवय नाही. गावात कार्य असलं की आधी आवतन येतं, दारात येऊन सांगितलेलं. आणि जिथं घरोबा असतो तिथलं आवतन चूलबंद असतं, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटवायचीच नाही, लहान-थोर सगळ्यांनी आमच्याकडे यायचं. रस्त्यावरचं हॉटेल असतं तर लोक बिनदिक्कत शिरले असते. पण हे तर शेजाऱ्याचं घर. पुढच्या खोलीत टेबलं टाकली म्हणून ते काही घर असायचं थांबत नाही. लोक दारावरून जात होते, वास घेत होते आणि बोलावण्याची वाट पाहत होते.

निदान बरोबर होतं. आजही मी म्हणेन, निदान बरोबरच होतं. माती खाल्ली ती औषधात.

शनिवारी ह्यांना म्हटलं, "उद्या वरण-बट्टी कर. वांग्याची भाजी. आणि जरा जास्तच कर, रविवार आहे." वरण-बट्टी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. ते बट्टीच्या पिठाच्या मागे लागले आणि मी ताटलीत कुंकू आणि अक्षता घेऊन बाहेर पडले. जाहिरात त्यांना चालत नव्हती. हे काही जाहिरात नव्हतं. दारोदार जाऊन, नाव घेऊन, मानानं बोलवायचं. म्हणायचं, आमच्याकडे या, जेवून तर बघा. एकदा संकोच मोडला की मग येत राहतील. असा सगळा विचार मी केला होता.

पहिलं दार शेजारच्या अक्कांचं. धुळे तालुक्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या, कॉलनीत सगळ्यांच्या अक्का. मी त्यांना कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या आणि म्हटलं, "उद्या दुपारी आमच्याकडे जेवायला यायचं."

अक्कांनी अक्षता कपाळाला लावल्या. "चूलबंद शे का व माय?"

त्या क्षणी मला सांगता आलं असतं. 'नाही अक्का, हॉटेल आहे ना आमचं, तिथं या.' दोन वाक्यं. पण माझ्या बोटाला अजून कुंकू होतं, समोर म्हातारी डोक्यावर पदर घेऊन उभी, आणि पैशाचा शब्द माझ्या जिभेवर येईना. मी म्हटलं, "चूलबंदच समजा."

"मंग बठ्ठा येसूत," अक्का म्हणाल्या. म्हणजे सगळं घरच येणार होतं.

पुढच्या दारांवर मग सोपं गेलं. कुणी विचारलं, कुणी नाही विचारलं. मी स्वतःची समजूत घालत होते, की उद्या दारात फळा आहे, फळ्यावर दर आहे, लोकांना वाचता येतं, आपोआप कळेल. मला आतून ठाऊक होतं का? आज विचाराल तर हो, ठाऊक होतं. कॉलनीतल्या दोन्ही गल्ल्या फिरून आले तेव्हा ताटलीत चिमूटभर अक्षता उरल्या होत्या आणि मला एखादं मोठं काम हातावेगळं केल्यासारखं वाटत होतं.

रविवारी भोंगा नसतो. पण एक वाजता माणसं आली. आधी अक्का, त्यांची सून, नातवंडं. मग समोरचे. मग एकदम गल्लीच आल्यासारखी. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, पुरुष इस्त्रीच्या शर्टात. सहा टेबलं भरली. हे भांड्यांमागं उभे होते, हातात तो मोठा डाव, आणि मी त्यांच्याकडे पाहत होते. कँटीनमध्ये मी कधी गेले नव्हते. तीनशे माणसं समोर असताना माझा नवरा कसा दिसत असेल हे मला माहीत नव्हतं. त्या दुपारी पाहिलं. पाठ ताठ, हात भराभर चाललेला, आणि ओठांवर एक हसू, जे त्यांना लपवता येत नव्हतं.

"पाह्यलं?" डाव न थांबवता मला म्हणाले. "म्हटलं होतं ना मी? एका घरी बातमी गेली का बाकीचे आपोआप येतात."

मी पाण्याचा जग उचलून बाहेर गेले.

टेबलं पुरेनात म्हणून समोरच्यांनी आपल्या घरून सतरंज्या आणल्या आणि कडुनिंबाखाली रस्त्यावरच पंगत बसवली. तीन-चार पुरुषांनी बाह्या वर केल्या, वरणाची बादली आणि तुपाचं भांडं हातात घेतलं आणि आग्रह करकरून वाढायला सुरुवात केली. हे अंगणातून बट्टीची परात आणता आणता थबकले आणि कौतुकानं हसले. "गिऱ्हाईक बी कसं घरच्यासारखं हाये," म्हणाले. इतका शहाणा माणूस, पण आनंदात त्यांना काही दिसत नव्हतं. बायका एकेक करून माझ्याजवळ येत होत्या, ओटीत खण-नारळ घालत होत्या आणि कानाशी विचारत होत्या, "कशाचं कार्य काढलं, वहिनी? आम्हाला सांगितलंही नाही." मी काहीतरी पुटपुटत होते. पैसे द्यायचेत असं मी एकीलाही म्हणू शकले नाही.

दुसरी पंगत उठत होती तेव्हा आबा पुढं आले. डाळ मिलमध्ये आयुष्य काढलेले, कॉलनीत वयानं सगळ्यांत मोठे. हात धुऊन, तोंड पुसून ते सरळ ह्यांच्यापाशी गेले. पिशवीतून नवी टोपी काढून ह्यांच्या डोक्यावर ठेवली, नवा टॉवेल खांद्यावर टाकला, आणि म्हणाले, "भाऊ, असं वरण-बट्टीचं जेवन बरेच वर्सांनी जेवलो. पन कार्य काय हाये ते तं सांग."

ह्यांचा डाव वरणाच्या पातेल्यात होता. तो तसाच राहिला. त्यांनी आबांकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या पंगतीकडे, वाढणाऱ्या पुरुषांकडे, माझ्या ओटीतल्या नारळांकडे, आणि सगळ्यांत शेवटी माझ्याकडे. मी शिक्षिका आहे, मला मुलांचे चेहरे वाचता येतात. पण एखाद्याचा चेहरा असा विझताना मी कधी पाहिला नव्हता. क्षणभरच. मग त्यांनी डाव खाली ठेवला, आबांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "कार्य नाई आबा. असंच. बरेच दिवसाचं मनात होतं. पोटभर झालं ना?"

आणि वळून अंगणात गेले. मला वाटलं, आता चुली विझवतील. मी मागोमाग गेले. ते परातीत नवं पीठ घेत होते. तिसरी पंगत बसायची होती.

कुणालाही काही कळलं नसतं, पण बँकेतला तो क्लार्क जाताना फळ्यापाशी थांबला. नेहमीची सवय, खिशातून पाकीट काढून परत आत आला. ह्यांनी त्याचा हात धरला. "आज नाई," म्हणाले. तो गोंधळला, त्यानं फळ्यावरच्या दराकडे पाहिलं, मग लोकांकडे. दारात उभ्या असलेल्या दोघा-तिघांनी ते पाहिलं. दिवेलागणीपर्यंत दोन्ही गल्ल्यांमध्ये ही गोष्ट पोचली होती.

दुसऱ्या दिवशी दूध घेताना अक्का भेटल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "सांगाले नको का माय? आम्ही पाव्हना बनीसन बशी ग्यात." त्यांच्या आवाजात राग असता तर मी निभावून नेलं असतं. शरम होती. सत्तरी ओलांडलेल्या बाईला मी शरमेनं मान खाली घालायला लावली होती.

दोन-चार घरांतून लोक पैसे घेऊन आले. ह्यांनी प्रत्येकाला चहा पाजला आणि पैसे परत दिले. "आवतनाले आलेल्या मानसापासून पैसे घेतेत का?" एवढंच म्हणायचे. मला टोचावं म्हणून ते असं म्हणत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि म्हणूनच ते मला इतकं लागायचं. त्यानंतर आमच्या दारावरून जाणंच लोक टाळू लागले. ज्या घरात पाहुणा म्हणून जेवलो तिथं गिऱ्हाईक म्हणून कसं जायचं, आणि गेलो तर पैसे घेतील का, आणि नाही घेतले तर? त्यापेक्षा मागच्या गल्लीतून जाणं बरं. बायका आता वासाबद्दल काही बोलत नव्हत्या. तो क्लार्कही येईनासा झाला. एकदा रस्त्यात भेटला तर म्हणाला, "वहिनी, ते माझ्याकडून घेणार नाहीत असं वाटतं, आणि मला फुकट जेववत नाही." मी त्याला म्हणू शकले असते, की घेतील, या. म्हटलंही. तो आला नाही.

ह्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. मी दिवसेंदिवस वाट पाहत होते की आता चिडतील, आता एखादं ताट आपटतील. भांडायला माझी तयारी होती, भांडणात मी कधी हरत नाही. पण ते रोज नऊला फळा पुसून लिहायचे, चाळीस माणसांचं करायचे, आणि भोंगा झाला की उठून उभे राहायचे. फक्त आता पंधरा मिनिटं नाही, दोन-तीन मिनिटं.

आणि मग परतफेड सुरू झाली. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आमच्याकडे कुणाचं जेवलं की ते अंगावर ठेवत नाहीत. कुणाच्या नातवाचं जावळ, कुणाच्या मुलीचा साखरपुडा, कुणाची सत्यनारायणाची पूजा, प्रत्येकाचं पहिलं आवतन आमच्या दारात येऊ लागलं. पूर्वी असं नव्हतं, आम्ही यादीत मागं असायचो. पण हे दुपारी न जाता संध्याकाळी उभ्या उभ्या जाऊन यायचे. दुपारी एकला त्यांना घरी राहायचं असायचं.

अक्कांच्या मुलानं वरचा मजला बांधला, त्याची वास्तुशांत निघाली. आदल्या दिवशी अक्का स्वतः आल्या, गुडघे धरत ओट्याच्या पायऱ्या चढून. मला कुंकू लावलं, ह्यांच्या हातावर अक्षता दिल्या. "चूलबंद शे बरं भाऊ," म्हणाल्या. "दुपारले दोन्ही जण या."

त्या कितीतरी दिवसांनी आमच्या घरात पाऊल टाकत होत्या. ह्यांनी अक्षतांकडे पाहिलं. "येतो अक्का," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी पाहिलं, फळ्यावर कालचंच जेवण होतं. अंगणातल्या चुली पेटल्या नव्हत्या. चूलबंद आवतन आलेल्या घरात चूल पेटवत नाहीत, तो आवतन देणाऱ्याचा अपमान असतो. हे अंघोळ करून, आबांनी दिलेली टोपी घालून तयार बसले होते. ती टोपी मी पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यावर पाहिली.

अक्कांकडे केटररचं जेवण होतं. वरण-बट्टीच होती. बट्टी आतून कच्ची, वरणाला नुसता हळदीचा रंग. ह्यांनी सगळं संपवलं, पुन्हा मागून घेतलं आणि अक्कांना सांगितलं, जेवण फार छान झालं. आम्ही जेवत असतानाच भोंगा झाला. त्यांचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. मग गेला.

परत येताना, आमचं फाटक उघडता उघडता ते म्हणाले, "त्या दिवशी साऱ्याइले पुरलं होतं ना वं?"

कितीतरी महिन्यांनी त्या रविवारचा विषय पहिल्यांदा निघाला होता. मी नुसती मान हलवली.

"मांगच्या पंगतीले तूप?"

"मीच वाढलं होतं," मी म्हटलं. "कुणाला कमी नाही पडलं."

"मंग झालं," म्हणाले आणि आत गेले.

त्यानंतरचा दिवस माझ्या सुट्टीचा होता. सकाळी फळा पुसलेला दिसला, आणि मला बरं वाटलं, पण त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. दहा वाजले, अकरा वाजले. मी दोनदा अंगणात जाऊन आले. चुलींतली राख भरून ठेवली होती, बडगी धुऊन उलटी घातली होती. हे पुढच्या खोलीत, सहा टेबलांपैकी एकाशी, गिऱ्हाईक बसतं तसे बसून पेपर वाचत होते. एकचा भोंगा झाला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ते उठले नाहीत. पेपराची घडी घातली, ती टेबलावर ठेवली, आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला विचारलं, "आज जेवाले काय?"